रेल लोखंडाची, मैदान कोणाचे?

उत्तर नागपुरातील काही तरुण अलीकडे आमच्याकडे एक अर्ज लिहून घ्यायला आले. अर्ज जात पडताळणीचा नव्हता, शिष्यवृत्तीचा नव्हता, झोपडपट्टीच्या पट्ट्याचाही नव्हता. विहाराशेजारच्या मोकळ्या जागेत त्यांना सात-आठ फूट लांबीची एक लोखंडी रेल ठेवायची होती, स्केटबोर्ड खेळण्यासाठी. जवळच बसलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते हसले आणि म्हणाले, समाजापुढे प्रश्न काय कमी आहेत? प्रश्न कमी नाहीत हे खरे. पण हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही असे आमचे मत आहे, आणि म्हणूनच हा लेखप्रपंच.

आधी हा खेळ काय आहे ते सांगितले पाहिजे. नागपुरात स्केटिंग म्हटले की चाकांचे बूट घालून गोल फिरणारी मुले डोळ्यांपुढे येतात. स्केटबोर्ड वेगळा. मॅपल लाकडाचे पातळ थर, बहुधा सात, चिकटवून केलेली फळी. तिच्याखाली धातूचे दोन आस, त्यांना ट्रक म्हणतात. आणि चार छोटी टणक चाके. पाय फळीला बांधलेले नसतात. खेळाडू पळत्या फळीसकट उडी मारतो, रेलवर उतरतो, घसरत दुसऱ्या टोकाला जातो आणि पुन्हा जमिनीवर येतो. धातूचे ट्रक रेलवर घासत गेले तर तो ग्राइंड, फळीचे पोट घासत गेले तर ती स्लाइड. सांगायला दोन ओळी लागतात, शिकायला महिने.

ही रेल कुठल्या क्लबात जन्मली नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मार्क गोंझालेस आणि नाटास कौपास या तरुणांनी इमारतींच्या पायऱ्यांचे कठडे फळीखाली घेतले. पायरी, कठडा, फुटपाथची कड, जे रस्त्यावर सापडले तेच त्यांचे मैदान. पुढे हाच रस्त्यावरचा खेळ २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकमध्ये दाखल झाला. तिथे स्ट्रीट प्रकारात सुवर्ण जिंकणारी जपानची मोमिजी निशिया आणि रौप्य जिंकणारी ब्राझीलची रायसा लील, दोघीही अवघ्या १३ वर्षांच्या होत्या. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या ३६व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत महिलांच्या स्ट्रीट प्रकाराचे सुवर्णपदक पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने महाराष्ट्राला मिळवून दिले. या स्ट्रीट प्रकाराच्या मैदानात काय असते? पायऱ्या, कडा आणि रेल. म्हणजे जे रस्त्यावर केले की शिपाई हटकतो, तेच मैदानात केले की पदक मिळते.

इथे आमच्यातला वकील जागा होतो. पोरांना सरावाला रेल मिळाली नाही तर ती सरकारी इमारतीच्या पायऱ्यांवर जाणार, पुलाच्या कठड्यावर जाणार. मुळात तो कठडा म्हाताऱ्या माणसांसाठी आणि अपंगांसाठी असतो, त्यावर ग्राइंड करू नये हे आम्ही त्या तरुणांना स्पष्ट सांगितले. पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान प्रतिबंधक अधिनियम १९८४ मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. कठड्यावरचा ओरखडा या कायद्याखाली सिद्ध होईल की नाही, हा न्यायालयातला वाद झाला. न्यायालयापर्यंत जाईतो पोराचे काय होते? कॉलनीतल्या मुलाला हवालदार 'घरी जा रे बेटा' म्हणतो, आणि वस्तीतल्या मुलाला नाव विचारतो, मग आडनाव विचारतो, मग गाडीत बसवतो. पुढे भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणी येते आणि एका संध्याकाळच्या खेळाचे उत्तर पाच वर्षांनी द्यावे लागते. वस्तीची स्वतःची रेल हवी, याचे पहिले कारण आमच्या लेखी हे आहे. पदक नंतर.

कोणी म्हणेल, हा दोष खेळाचाच. मग एक गोष्ट ऐका. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात लव्ह पार्क नावाचा चौक आहे. तिथल्या ग्रॅनाइटच्या कडांवर स्केटबोर्ड खेळायला महापालिकेने बंदी घातली. त्या चौकाची मूळ कल्पना ज्यांची, ते नगररचनाकार एडमंड बेकन तेव्हा ९२ वर्षांचे होते. २००२ साली ते चौकात आले, डोक्यावर हेल्मेट चढवले, दोन्ही बाजूंनी आधार घेतला आणि बंदीचा निषेध म्हणून स्वतः फळीवर उभे राहून चार हात पुढे गेले. चौक बांधणाराच म्हणतो की पोरांना खेळू द्या, आणि चौक सांभाळणारे म्हणतात की नाही. सांभाळणाऱ्यांनी जगभर एक युक्ती काढली आहे. कठड्यांवर, कडांवर थोड्या थोड्या अंतराने लोखंडाचे गट्टे बसवायचे, म्हणजे फळी अडते. आपल्याकडे दुकानांच्या ओट्यांवर कोणी बसू नये, निजू नये म्हणून खिळे ठोकतात, त्याच जातीची ही कारागिरी.

मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे खेडे आहे. उलरिके राइनहार्ट या जर्मन बाईंच्या पुढाकाराने २०१५ मध्ये तिथे सिमेंटचे स्केटपार्क उभे राहिले. गावात आदिवासी आणि यादव अशा दोन वस्त्या. उठबस वेगळी, मुलांचा खेळही वेगळा. पार्कात नियम दोनच महत्त्वाचे ठेवले: शाळेत गेला नाही तर फळी नाही, आणि मुली आधी. फळ्या मोजक्या, मुले जास्त, त्यामुळे एकाच फळीला दोन्ही वस्त्यांचे पाय लागू लागले. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. आमचा या प्रयोगाबद्दल आदर आहे. पण बाहेरच्या माणसाच्या पुढाकारावर उभा राहिलेला प्रयोग जसाच्या तसा उचलता येत नाही. नागपूरच्या वस्तीत सिमेंटचे पार्क मागायला गेलो तर जागेचा नकाशा, अंदाजपत्रक, निविदा, मग नगरसेवकाच्या नावाची पाटी. तोवर मागणारी पोरे लग्नाची होतील. रेल मात्र आपल्या गल्लीतला वेल्डिंगवाला दोन दिवसांत करून देतो.

तेव्हा रेल कशी करावी, हे जरा सविस्तर सांगतो. आम्ही स्वतः फळीवर चढलेलो नाही, चढण्याचे वयही नाही. पण पोरांसोबत लोखंडाच्या दुकानात गेलो आणि कारागिरांपुढे बसून माहिती करून घेतली. कराराचा मसुदा वाचावा तसा पाईप वाचावा लागतो, हे तिथे ध्यानात आले.

पहिला प्रश्न गोल की चौकोनी. गोल पाईपवर स्लाइड सहज जाते, पण ट्रक टेकवून तोल सांभाळणे कठीण, कारण टेकायला एक रेघच मिळते. चौकोनी पाईपला सपाट माथा असतो, त्यावर दोन्ही ट्रक नीट बसतात. शिकणाऱ्यांनी चौकोनीच घ्यावी. माप ५० बाय ५० मिलिमीटर आणि जाडी ३ मिलिमीटर, कारागिराच्या भाषेत एक सूत. दुकानदार स्वस्तातला पातळ पाईप पुढे करील. तो खिडकीच्या ग्रिलला ठीक, उडी मारून त्यावर पडणाऱ्या माणसाखाली तो चेपतो. गोलच घ्यायचा हट्ट असेल तर एक फसगत टाळावी. दुकानात 'दोन इंची' पाईप मागितला तर बाहेरून ६० मिलिमीटरचा पाईप हातात येतो, कारण पाण्याच्या पाईपाचे नाव आतल्या पोकळीवरून पडते. आपल्याला हवा तो 'दीड इंची', ज्याचा बाहेरचा व्यास ४८ मिलिमीटरच्या थोडा वर भरतो. त्यात निळ्या पट्ट्याचा बी क्लास मागावा, त्याची जाडी ३.२ मिलिमीटर असते.

प्लॅस्टिकचा पाईप तडकतो आणि तडकला की सुरीसारखा कापतो, तेव्हा त्याचा विचार नको. अॅल्युमिनियम मऊ, त्यावर खाचा पडतात. स्टेनलेस स्टील दिसायला चकाचक आणि खिशाला जड. राहिला जस्त चढवलेला जीआय. तो गंजत नाही म्हणून मोह होतो, पण वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि वेल्डिंग करणाऱ्याला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दूध पाजले की भागते हा गैरसमज आहे. रेल आपल्या पोरांची असली तरी वेल्डिंग करणाराही आपलाच कोणी असतो. साधा काळा एमएस पाईप घ्यावा.

आता हिशेब. पाईप २० फुटी, म्हणजे ६ मीटरचा येतो. त्यातून २.४ मीटरच्या दोन रेल काढल्या तर ४.८ मीटर गेले. प्रत्येक रेलला दोन पाय, प्रत्येक पाय २० सेंटिमीटरचा, असे चार पाय धरले तर आणखी ८० सेंटिमीटर. एका पाईपात दोन रेल होऊन वीतभर तुकडे उरतात. इतवारीच्या लोहा ओळीत चौकशी करताना हा हिशेब हातात ठेवावा, म्हणजे दोन वस्त्यांना मिळून एक पाईप घेता येतो. पायाखाली ५० बाय ६ मिलिमीटरची पट्टी आडवी लावायची, लांबी दोन फूट. पट्टी आखूड ठेवली की रेल कडेला कलंडते. उंची जमिनीपासून साधारण दहा इंच होते, शिकणाऱ्याला तेवढी पुरे. पुढे उंची वाढवायची असेल तर पायाच्या बाहेरून मोठा पाईप घालून, भोके पाडून, नटबोल्टने वरखाली करण्याची सोय कारागीर करून देतो. मात्र सैल बसलेला पाय खडखडतो आणि भरवसा जातो. पहिली रेल पक्क्या पायांचीच करावी.

पाय कुठे लावायचे यात पुष्कळांचे चुकते. शोभेसाठी ते टोकांपासून फूट-दीड फूट आत घेतात. मग टोकावर पन्नास-साठ किलोचा पोरगा उतरला की रेलचे दुसरे टोक वर उचलते, सी-सॉसारखे. पाय टोकापासून सहा इंचांवर हवेत. वेल्डिंग खालच्या बाजूने, माथ्यावर एकही थेंब नको, आणि जिथे आलाच तिथे ग्राइंडर मारून सपाट. पाईपची उघडी तोंडे पत्रा लावून बंद केलीच पाहिजेत आणि कोपरे गोल केले पाहिजेत. उघडे तोंड म्हणजे बरगडीत घुसणारे हत्यार. तोंडे बंद करण्याआधी पाईपात कोरडी वाळू भरावी. एका रेलमध्ये सात-एक किलो वाळू मावते. त्याने वजन वाढून रेल सरकत नाही, आणि दुसरा फायदा त्याहून मोठा: आवाज कमी होतो. पोकळ पाईपावर धातू घासला की सगळी गल्ली जागी होते. वाळू मात्र खरोखर कोरडी हवी. ओली असली आणि तिच्यावर वेल्डिंग चालवले तर आत वाफ कोंडते.

वाळूसकट रेल बावीस-तेवीस किलोची होते. दोन पोरे उचलून नेतात. रंग लावायचा तर रेड ऑक्साइड पायांना आणि बाजूंना लावावा, माथ्याला नाही. माथा पॉलिश पेपरने घासून त्यावर मेणबत्ती चोळायची, की ट्रक अडखळत नाहीत. विहारात रोज उरणारे मेणबत्तीचे तुकडे कुठे जातात? टोपलीत साठतात आणि एक दिवस फेकले जातात. ते पोरांना द्यायला कोणाची हरकत असू नये. पावसाळ्यात माथ्यावर तेलाचा हात फिरवून रेल आडोशाला ठेवावी. आणि नागपूरचा मे महिना तर आपण जाणतोच. दुपारी त्या लोखंडाला हात लावून पाहा. उन्हाळ्यात सकाळी नवाच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच खेळ.

जमीन कशी हवी, हा प्रश्न रेलइतकाच मोठा आहे. चाके जेमतेम दोन इंचांची. खडबडीत डांबरावर ती अडकतात, खेळाडू पुढे आणि फळी मागे. विहारांच्या, समाजभवनांच्या अंगणांत हल्ली जिकडेतिकडे पेव्हर ब्लॉक बसवलेत. ते याहून वाईट, दर वीतभर अंतरावर एक फट. घोटलेले सिमेंट काँक्रीट उत्तम. नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले ते गाड्यांसाठी, त्यांवर रेल टाकून खेळणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. तेव्हा जुने बास्केटबॉलचे मैदान, समाजभवनाची सिमेंटची फरशी, बंद पडलेले ओटे शोधावेत. रेलच्या आधी वीस-पंचवीस पावले पळायला मोकळी हवीत आणि पुढे तेवढीच उतरायला.

आणि इथेच कायद्याची बाजू पुन्हा येते. त्या तरुणांचा आग्रह होता की रेल जमिनीत गाडून पक्की करावी. आम्ही नको म्हटले. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे जमिनीवर बांधकाम केले की ते 'विकास' ठरते, त्याला परवानगी लागते, आणि परवानगी नसेल तर पाडण्याची नोटीस येते. नोटीस आधी कोणत्या वस्तीत पोहोचते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. नुसती ठेवलेली, संध्याकाळी उचलून नेलेली रेल हे बांधकाम नव्हे. क्रिकेटच्या स्टंपासारखे ते खेळाचे साहित्य. ज्याची जागा आहे त्याची संमती लागतेच, पण अर्जात 'कोणतेही कायम बांधकाम करणार नाही, साहित्य रोज हलविले जाईल' हे एक वाक्य घातले की नाही म्हणायला अधिकाऱ्याला कारण शोधावे लागते.

जागा महापालिकेची की सुधार प्रन्यासची, आणि विकास आराखड्यात तिच्यावर आरक्षण काय, हे माहितीच्या अधिकारात विचारून घ्यावे. खेळाच्या मैदानासाठी आरक्षित असलेली खाजगी जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ खाली नोटीस देऊ शकतो. २०१५च्या दुरुस्तीनंतर त्या नोटिशीला २४ महिन्यांची मुदत आहे. तेवढ्यात प्रशासन हलले नाही तर आरक्षण जाते, आणि कागदावरचे मैदान कागदावरूनही पुसले जाते. आपल्या वस्तीलगतच्या कोणत्या जागेवर ही टांगती तलवार आहे, हे किती विहार समित्यांना ठाऊक आहे?

संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, घाट यांच्याबरोबर रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा आहेत. शासनाच्या पैशावर चालणाऱ्या किंवा जनतेसाठी खुल्या केलेल्या अशा जागेवर धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणालाही मज्जाव करता येत नाही. त्यात लिंगही आहे, हे आमच्या काही बांधवांनी पुन्हा वाचावे. मैदानात मुलगी फळी घेऊन उतरली की सर्वांत आधी भुवया कोणाच्या चढतात? महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे १९२४ मध्येच ठरावाने खुले केले होते. ठराव दप्तरात पडून राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांसह तळ्यावर चालत गेले, तेव्हा तो दप्तराबाहेर आला, आणि पुढचा दिवाणी दावा १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात संपला. आम्ही तळ्याची आणि रेलची बरोबरी करीत नाही. पाणी ते पाणी. पण आरक्षित मैदानांचे ठराव आजही दप्तरात आहेत आणि तिथे संध्याकाळी पोट्टे दिसत नाहीत, दिसतात त्या उभ्या केलेल्या मोटारी.

अर्ज आम्ही लिहून दिला आहे. सोबत एक कागद विहार समितीसाठी दिला, तो इतरांच्याही उपयोगी पडावा. वंदनेच्या वेळी आणि परीक्षेच्या दिवसांत रात्री आठनंतर रेल बाहेर काढायची नाही. हेल्मेट आणि मनगटाचे पॅड नसेल त्याने रेलवर जायचे नाही; वस्तीत दोन हेल्मेट आळीपाळीने वापरली तरी चालतील. दर आठवड्याला कोणीतरी वेल्डिंगच्या सांध्यांना तडा गेला का ते पाहून वहीत लिहायचे. पहिला अर्धा तास मुलींचा. रेल रात्री ज्या खोलीत राहील तिच्या दोन किल्ल्या करायच्या, एक समितीच्या सचिवाकडे आणि दुसरी खेळणाऱ्या मुलींपैकी एकीकडे. या शेवटच्या कलमावर समितीत दोन बैठका झाल्या आहेत, तिसरी येत्या रविवारी आहे.